फटफटी ते फटाका : सायलेन्सरची थोडी जुनी गोष्ट

आपल्याकडच्या जुन्या माणसांना 'मोटारसायकल' हा शब्द कधी फारसा लागलाच नाही. त्यांच्यासाठी ती फटफटी. कंपनी कोणती, इंजिन किती सीसीचं, याच्याशी काही घेणंदेणं नाही. मागच्या नळीतून जो आवाज निघतो तेच गाडीचं नाव. पाटलाची फटफटी आली हे गाडी दिसायच्या आधी अख्ख्या टोलीला कळायचं. त्यामुळे आवाजाचं वेड आजच्या पोट्ट्यांनीच आणलं असं म्हणायची सोय नाही. ते भाषेतच आहे.

तरी हा विषय आज लिहावासा वाटला. जयस्तंभ चौक असो, फुलचूर नाका असो की रेलटोली, तिरोडा असो की आमगाव, रात्री दहानंतर बुलेटचे फटाके ऐकू येतात. त्यावर कुणी पोस्ट टाकली की खाली दोन टोळ्या भांडतात. एक म्हणते पोलीस झोपले काय. दुसरी म्हणते लोक जळतात, सायलेन्सर बदलला की पिकअप वाढते, तुम्हाला गाडीतलं काय कळते. वीसेक वर्षं बातम्या लिहितो आहे, आरटीओ आणि पोलीस स्टेशनच्या चकरा झाल्या आहेत, गॅरेजच्या स्टुलावर बसून चहाही बराच झाला आहे. त्यावरून सांगतो, या भांडणात खरी गोष्ट दोन्ही बाजूंना कुणी सांगितलेली नाही. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सुरुवात पार मागून. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात रीव्ह्ज नावाचे दोन भाऊ होते, मिल्टन आणि मार्शल. १८९७ मध्ये त्यांनी इंजिनाच्या धुराचा आवाज दाबणाऱ्या डब्याचं पेटंट घेतलं. तेव्हा रस्त्यावर घोडे होते आणि मोटारीच्या आवाजाने ते बुजायचे. म्हणजे सायलेन्सर जन्मला तोच दुसऱ्याच्या त्रासापायी. गाडीवाल्याला स्वतःला तो कधीच नको होता.

नको होता म्हणूनच कटआउट आलं. त्या काळच्या बऱ्याच मोटारींना पायाशी एक खटका असायचा. तो दाबला की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर. चढावर जरा जास्त ताकद मिळते म्हणून ही सोय. प्रत्यक्षात लोक सपाट रस्त्यावर, बाजारातून जाताना तो खटका दाबायचे. का, ते तुम्हाला माहीत आहे. गंमत म्हणजे हा शंभर वर्षांपूर्वीचा शब्द आपल्या कायद्यात आजही जिवंत आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने जे कलम १९४ एफ आलं, त्यात विनाकारण हॉर्न वाजवण्याच्या जोडीला कटआउट वापरून सायलेन्सर टाळून धूर सोडणाऱ्यालाही दंड आहे. पहिल्यांदा १ हजार, पुन्हा सापडला तर २ हजार.

आता 'गोल्डस्टार'ची गोष्ट. बुलेटवाल्यांना हे नाव सांगायची गरज नाही. पंजाब, इंदौरी, मेगाफोन, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल या यादीत गोल्डस्टारचा मान वेगळा. पण हे नाव आलं कुठून, हे मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणी म्हणालं कंपनीचं नाव आहे, कुणी म्हणालं सोन्यासारखा चमकते म्हणून.

इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स नावाचा शर्यतीचा ट्रॅक होता. १९०७ साली सुरू झाला, खास मोटारींच्या शर्यतीसाठी बांधलेला जगातला पहिला. सुरू होताच एस. एफ. एज नावाच्या माणसाने तिथे सलग २४ तास मोटार पळवून विक्रम केला. आजूबाजूच्या रहिवाशांची त्या रात्री झोप उडाली. तक्रारी झाल्या आणि ट्रॅकवर रात्रीच्या शर्यतीला बंदी आली, ती कायमची. पुढे १९२९ मध्ये २४ तासांची शर्यत घ्यायची ठरली तर ती दिवसा १२ तास आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १२ तास अशी तोडून घ्यावी लागली. तिचं नावच पडलं 'डबल ट्वेल्व्ह'. दरम्यान दिवसाच्या आवाजावरही शेजाऱ्यांनी ओरड केली आणि १९२० च्या दशकात त्या ट्रॅकवर धावणाऱ्या प्रत्येक गाडीला भला मोठा सायलेन्सर सक्तीचा झाला. तोही ठरलेल्या मापाचा. त्याला 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणत.

तर या ट्रॅकवर शर्यतीत ताशी १०० मैलांच्या वर एक फेरी मारणाऱ्या मोटारसायकलस्वाराला सोन्याच्या ताऱ्याचा छोटा बिल्ला मिळायचा. जून १९३७ मध्ये वॉल हँडली याने बीएसए कंपनीच्या ५०० सीसी गाडीवर तो मिळवला. कंपनीने पुढच्या वर्षी नव्या मॉडेलला नाव दिलं गोल्ड स्टार. ती गाडी १९६३ पर्यंत निघत होती. तिच्या सायलेन्सरच्या आकाराची नक्कल करत करत ते नाव आपल्या बुलेटपर्यंत आलं. म्हणजे ज्या ताऱ्याचं नाव लावून आज गल्लीत कान फाडले जातात, तो तारा सायलेन्सर सक्तीचा असलेल्या ट्रॅकवर, डबा लावून, ताशी १०० मैलांच्या वर गाडी पळवून मिळवलेला होता. हे मी एका बुलेटवाल्या भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही मूड खराब करता."

मग आवाजाचा आणि ताकदीचा संबंध अजिबातच नाही का? आहे. पण तो वेगळा आहे, आणि तो समजून घ्यायचा तर टू-स्ट्रोकच्या जमान्यात जावं लागेल.

आपल्या भागात, म्हणजे तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात, कारण गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा झाला, सुरुवातीच्या गाड्या म्हणजे राजदूत, येझदी आणि बुलेट. राजदूत १७५ ही मूळची पोलंडची, एस्कॉर्ट्सने इथे बनवलेली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे खेड्यातून शहरात येणारी. येझदी मैसूरच्या आयडियल जावाची, चेकोस्लोव्हाकियाच्या जावाची बहीण. तिची ओळख म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. सिलिंडर एकच, पण धूर सोडायला दोन वाटा. नुसत्या दिसण्यावर सांगायचं तर त्या दोन लांब चंदेरी नळ्यांइतकी देखणी गोष्ट नंतर कुठल्या गाडीला फारशी लागली नाही, असं माझं मत आहे. भांडू नका.

आणि १९८५ च्या शेवटी आली यामाहाची आरएक्स १००. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, वजन शंभर किलोच्या आसपास. ज्यांनी ती चालवली त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही तिचं नाव काढलं की वेगळीच चमक येते. १९९६ मध्ये ती बंद झाली, आणि तरी आज जुनी आरएक्स विकायला निघाली तर भाव ऐकून घाम फुटतो.

टू-स्ट्रोक इंजिनाची एक अडचण असते. धूर बाहेर जायची आणि ताजं मिश्रण आत यायची वेळ जवळजवळ एकच. त्यामुळे ताजं पेट्रोलही धुरासोबत पळून जातं. यावर पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेनने १९५० च्या दशकात जो तोडगा घोटून पक्का केला तो अफाट होता. विहिरीत हाक मारली की आवाज तळाशी आपटून परत येतो ना, तसंच. नळी आधी फुगत जाणारी आणि मग निमुळती होत जाणारी केली की धुराच्या आवाजाची लाट पुढे जाऊन आपटते आणि परत येते. ती नेमक्या वेळी परत आली तर पळून चाललेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. याला म्हणतात एक्सपान्शन चेंबर. याच्या जोरावर काडेनने १९६१ मध्ये १२५ सीसीच्या इंजिनातून २५ हॉर्सपॉवर काढले. त्याच वर्षी त्याचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ मध्ये सुझुकीला ५० सीसीचं पहिलं जगज्जेतेपद मिळालं. एका वाकड्या नळीचं गुपित शीतयुद्धात सरहद्द ओलांडून गेलं. पुढे जपानच्या टू-स्ट्रोक गाड्यांनी जगभर जो धुमाकूळ घातला, त्याच्या मुळाशी ते होतं.

मुद्दा हा की टू-स्ट्रोकमध्ये ती नळी इंजिनाचाच एक पार्ट असते. तिची लांबी, तिचा उतार, सगळं मिलिमीटरवर मोजलेलं. आपल्याकडे मात्र आरएक्सवाले काय करायचे, तर मागचा एक बोल्ट काढून आतली जाळीची नळी, बॅफल, बाहेर काढून ठेवायचे. गाडी टणटण वाजायची. ती काढायची सोय कंपनीने दिली होती ती कार्बन साफ करायला. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल जळून सायलेन्सर आतून चोंदतो, मग गाडी ओढत नाही. तेव्हाचे मिस्त्री सायलेन्सर लाकडाच्या जाळात टाकून लाल करायचे आणि ठोकून काजळी झाडायचे. त्यानंतर गाडी खरंच पळायची. माझा अंदाज असा की सायलेन्सर मोकळा केला की पिकअप वाढते हा समज तिथून आला आणि गाड्या बदलल्या तरी राहून गेला.

कारण मग फोर-स्ट्रोक आल्या. १९८५ मध्येच हिरो होंडाची सीडी १०० आली होती आणि हळूहळू तिने आणि तिच्या बहिणींनी सगळा बाजार खाल्ला. मास्तर, एलआयसी एजंट, धानाचे दलाल, सगळे त्यावर. आवाज जवळजवळ नाहीच. फटफटीची फटफट संपली ती या गाडीने.

फोर-स्ट्रोकमध्ये नळीचं काम वेगळं. धुराचा एक झोत जोरात निघून गेला की त्याच्या मागे पोकळी तयार होते आणि ती सिलिंडरमधला उरलेला धूर ओढून घेते. गर्दीच्या दारातून पुढचा माणूस झटकन निघाला की मागच्याला वाट मिळते, तसं. हे ओढणं नळीच्या लांबी-रुंदीवर ठरतं आणि इंजिनाच्या एखाद्या ठरावीक वेगालाच नीट जमतं. गॅरेजमध्ये सगळे 'बॅक प्रेशर, बॅक प्रेशर' म्हणतात. इंजिनाला मागून दाब कधीच नको असतो. त्याला हवी असते वेळेवर येणारी लाट. नळी भलतीच रुंद केली की वरच्या आरपीएमला कदाचित किंचित फायदा होतो आणि खालच्या आरपीएमला ओढ कमी होते. आता सांगा, गोरेलाल चौकात संध्याकाळी आपली गाडी कुठल्या आरपीएमला असते?

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. पुण्याच्या बजाजने २००१ मध्ये पल्सर आणली आणि काही वर्षांनी आपल्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या नळीला मध्येच एक छोटा फुगीर डबा जोडला. नाव दिलं एक्झॉसटेक. त्याचं काम एकच, खालच्या आरपीएमला ओढ वाढवणं. म्हणजे कंपनीचे इंजिनिअर आपल्या ट्रॅफिकसाठी नळीला डबा जोडत होते, आणि आपले पोट्टे दुकानात जाऊन ती नळीच कापून टाकत होते.

बुलेटचं प्रकरण जरा निराळं आहे आणि तिथे मला पोट्ट्यांबद्दल थोडी सहानुभूतीही आहे. १९५५ पासून मद्रासला एनफिल्ड बनायला लागली. तिचं जुनं बिडाचं इंजिन, संथ, जड, धक् धक् धक्. तो आवाज म्हणजे फौजदार, वनखात्याचे साहेब, गावचे मालगुजार. २००९-१० च्या सुमारास जुनं इंजिन जाऊन नवं आलं, क्लासिक ३५० आली आणि बुलेट घराघरात गेली. गाडी सुधारली, तेल गळणं थांबलं, सेल्फ स्टार्ट आला. पण तो जुना धक् धक् राहिला नाही. म्हणजे पोरांनी घेतली ती आवाजासाठी, आणि नेमका आवाजच कंपनीने काढून घेतलेला. बाहेरच्या सायलेन्सरचा बाजार फुगला तो तेव्हा. अमेरिकेत हार्ले डेव्हिडसनने तर १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचाच ट्रेडमार्क मागितला होता. सहा वर्षं भांडून शेवटी अर्ज मागे घेतला. आवाजाला किंमत असते हे कंपन्यांना कधीच कळलं आहे.

फटाका मात्र शुद्ध नासधूस आहे. चालत्या गाडीची चावी बंद करायची, जळालं नाही असं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये साचू द्यायचं आणि चावी पुन्हा चालू करायची. धाड्. यात ताकद वगैरे काही नाही. पेट्रोल तुमचं, व्हॉल्व्ह तुमचा.

रेलटोलीतल्या एका मिस्त्री भाऊंना मी सरळ विचारलं, सायलेन्सर बदलल्यावर गाडी खरंच जास्त पळते का? ते हसले. म्हणाले, "भाऊ, पयते का नाही मालूम नाही, पर पयल्यावानी वाटते. पोराले तेच पायजे रायते." मग हळूच पुढचं सांगितलं. ॲव्हरेज कमी होतो, कार्बोरेटरच्या गाडीत जेट बदलला नाही तर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं, पुढची नळी निळी पडते. नव्या बीएस-सिक्स गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या नळीत ऑक्सिजन सेन्सर असतो, बाहेरचा पाइप लावला की इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि पोरगं परत येतं. जिथे खरी ताकद वाढते तिथे पाइप, जेट किंवा इंजेक्शनची सेटिंग आणि हवेचा फिल्टर, तिन्ही एकत्र मोजून बदलतात. स्लोव्हेनियात माजी रेसर इगोर अक्रापोविच याने १९९० च्या सुमारास सुरू केलेली कंपनी तेच करते. आपल्याकडे त्या नावाचं स्टिकर पत्र्याच्या पुंगळीवर चिकटवून मिळतं. नाव वाचता येत नाही, पण लावतात.

आता कायदा, थोडक्यात. मोटार वाहन नियम १९८९ चा नियम १२० सांगतो की प्रत्येक गाडीला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर हवाच. नव्या गाडीला आवाजाची मर्यादा ८० ते १७५ सीसीसाठी ७७ डेसिबल आणि त्यावर ८० डेसिबल. डेसिबलचं गणित साधं नाही. १० ने वाढला म्हणजे आवाजाची ऊर्जा दहापट. बदल करून गाडी वापरणाऱ्या मालकाला कलम १८२ ए खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. मूळ रचनेत बदल चालणार नाही हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आणि २००० सालच्या ध्वनी नियमांनुसार दवाखाना, शाळा, कोर्टाभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र. आपल्या बाई गंगाबाई महिला रुग्णालयात बालाघाटकडच्याही बाया बाळंतपणाला येतात. रात्री तिथल्या व्हरांड्यात बसलेल्या नातेवाइकांना विचारा, फटाका फुटला की आत काय होतं.

पण एक गोष्ट मला खटकते आणि ती लिहितोच. पीयूसी सेंटरवर दुचाकीचा धूर मोजतात, आवाज मोजत नाहीत. रस्त्यावर साहेबांनी गाडी अडवली तर बहुतेक वेळा मोजणी कानानेच होते. नागपूर-पुण्यासह राज्यात कितीतरी शहरांत जप्त सायलेन्सर रांगेत मांडून त्यावर रोलर फिरवल्याचे फोटो आपण छापतो. फोटोत गाडीवाला असतो, साहेब असतात, रोलर असतो. ज्या काउंटरवरून तो सायलेन्सर बिलाशिवाय विकला गेला, ते दुकान कधी दिसत नाही. नागपूरहून, रायपूरहून माल येतो, दुकानात उघडा लटकतो. दंड भरतो तो हप्त्यावर गाडी घेतलेला, कुठल्या तरी राईस मिलमध्ये किंवा मोबाइलच्या दुकानात कामाला जाणारा पोरगा. त्याची चूक आहे, नाही असं नाही. पण साखळीत तो एकटा नाही. जिल्हा प्रशासनाने दुकानांची एक तपासणी केली आणि ट्रॅफिक शाखेने आवाज मोजायचं मशीन हातात घेऊन नाक्यावर उभं राहायचं ठरवलं, तर आठ तालुक्यांत फरक दिसेल.

शेवटी पोट्ट्यांसाठी एक कामाची गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. नव्या गाडीच्या कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. त्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असे महाग धातू असतात, अगदी थोडे, पण असतात. म्हणून बदलताना "जुना इथंच राहू दे, दोनशे कमी कर" म्हणणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नाही. उद्या गाडी पकडली गेली की ओरिजिनल बसवूनच सोडवावी लागते, आणि तेव्हा शोरूममध्ये नव्या सायलेन्सरचा भाव ऐकाल तो जुन्याच्या मिळालेल्या पैशाच्या कितीतरी पट असेल. ज्यांनी आधीच बदलला असेल त्यांनी आजच विचारून या, तुमचा जुना अजून दुकानात आहे की भंगारात गेला.